वाचकांचे प्रश्न : फी माफ झाली, खुराकाचे काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे लांब असल्याने त्यांतील मुद्द्याचा भाग तेवढा छापत आहोत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या महाविद्यालयांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा मुलगा कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ७४ किलो गटात फ्रीस्टाइल कुस्ती खेळतो. गेल्या वर्षी त्याने आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक मिळवले. महाविद्यालयाने फी माफ केली, वसतिगृहात जागा दिली. त्याबद्दल तक्रार नाही. पण जूनमध्ये प्रवेश सुरू झाले तेव्हा त्याचे छायाचित्र असलेला मोठा फलक महाविद्यालयाच्या दारात लागला, आणि त्याच महिन्यात त्याच्या खुराकासाठी आम्ही गावच्या सोसायटीचे कर्ज काढत होतो. पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. शस्त्रक्रियेचा खर्च दोन लाखांच्या वर गेला. तो आम्हीच केला. माझा भाऊ म्हणतो, अमेरिकेत आता कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळतात. हे खरे आहे का? आणि आमच्या मुलांनी फीमाफीपलीकडे काही मागणे म्हणजे उपकार विसरणे आहे का?
— एक आई, करवीर तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच तुमच्या मनाला जास्त लागून राहिलेला दिसतो. नाही, हे उपकार विसरणे नाही. ज्या मुलाच्या पदकावर महाविद्यालय आपले नाव मिरवते, त्या मुलाने त्या पदकाचा खर्च कोण सोसणार हे विचारणे हा साधा हिशेब आहे, आणि तो विचारायला तुम्ही संकोच करू नये.

तुमच्या भावाचे म्हणणे खरे आहे; मात्र ते पैसे तिथे कशाच्या बदल्यात मिळतात, हे समजून घेतल्याशिवाय आपल्याकडे ती मागणी नेमकी मांडता येणार नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा दूरचित्रवाणीचा प्रचंड मोठा व्यवसाय आहे. तिथल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने पुरुषांच्या वार्षिक बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०३२ पर्यंत वाढवून दिला, तेव्हा वाढीव ८ वर्षांची किंमत ८.८ अब्ज डॉलर होती. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना मात्र कित्येक दशके शिक्षण, निवास, भोजन आणि पुस्तके यांपलीकडे काही घेण्यास बंदी होती. ती शिष्यवृत्तीदेखील १९७३ पासून एकेका वर्षापुरती दिली जाऊ लागली. म्हणजे गुडघा गेला किंवा प्रशिक्षकाची मर्जी गेली, तर पुढच्या वर्षी ती मिळेलच याची शाश्वती नसे.

तुमच्या मुलाच्या गुडघ्यावरून मला तिथलेच एक जुने प्रकरण आठवले. १९५५ मध्ये कोलोराडो राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना रे डेनिसन या विद्यार्थ्याला डोक्याला मार लागला आणि तो दगावला. कामगाराला कामावर मृत्यू आला तर कुटुंबाला जी भरपाई मिळते, ती त्याच्या पत्नीने मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली; महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे कारण दिले गेले. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा आज इतका निरागस वाटणारा शब्द त्याच काळात रुळवण्यात आला, आणि खेळाडू हा नोकर ठरू नये याच धास्तीतून तो घडवला गेला, हे एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवले. शब्द कोणाच्या सोयीने जन्माला येतात, हे यावरून दिसते. आपल्याकडचा ‘सवलत’ हा शब्दही मला याच जातीचा वाटतो, कारण सवलत म्हटले की घेणारा आपोआप मिंधा होतो.

तिथली परिस्थिती पालटली ती न्यायालयांमुळे. एड ओ’बॅनन हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा बास्केटबॉलपटू. १९९५ च्या विजेत्या संघात तो होता. पुढे अनेक वर्षांनी एका ओळखीच्या घरातील मूल संगणकीय खेळ खेळत असताना त्या खेळात त्याला स्वतःचीच प्रतिमा दिसली: तोच क्रमांक, तीच चण, तोच डावखुरा हात. खेळ विकला जात होता आणि त्यातला एक पैसाही त्याच्याकडे आलेला नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा लावला. त्यानंतर २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादेविषयीच्या ऑल्स्टन खटल्यात नऊही न्यायाधीशांच्या एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि प्रतिमा यांच्या वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या आणखी एका खटल्यातील तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर १० वर्षांत द्यायचे आहेत, आणि महाविद्यालये आपल्या खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) त्याची मर्यादा प्रत्येक महाविद्यालयामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर एवढी ठरली.

आता हे सारे कोल्हापुरात आणून ठेवले तर काय उरते? आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचे प्रक्षेपण हक्क कोणी कोट्यवधींना विकत घेत नाही. तिकीट नाही, जाहिरातदार नाही, बहुतेक वेळा मॅटच्या कडेला दुसऱ्या संघांची मुले आणि दोन-चार प्रशिक्षक एवढेच प्रेक्षक असतात. तेव्हा ‘कमाईतला वाटा’ हा अमेरिकेतला युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. दोन गोष्टी मात्र तंतोतंत लागू पडतात. एक, ओ’बॅननची प्रतिमा आणि तुमच्या मुलाचा फलक यांत तत्त्वाचा फरक नाही. फलक लावला तो प्रवेश वाढावेत म्हणून, आणि विनाअनुदानित तुकड्यांच्या प्रवेशातून संस्थेकडे पैसा येतो. दोन, डेनिसनच्या पत्नीचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे : महाविद्यालयाच्या नावाने खेळताना शरीराचे जे नुकसान होते, ते कोणाच्या खात्यावर टाकायचे?

मी स्वतः अनेक वर्षे एका महाविद्यालयाचा क्रीडा विभाग सांभाळला आहे, म्हणून खुराकाबद्दल दोन शब्द लिहितो; कारण फी माफ करणाऱ्या समित्यांना हा खर्च कागदावर दिसतच नाही. तालमीतला पोरगा पहाटे साडेचारला उठून जोर-बैठका मारतो, आखाडा खणतो, मग मॅटवर उतरतो. त्याला दिवसाला तीन लिटर म्हशीचे दूध धरले, तर सत्तर रुपये लिटरच्या भावानेही महिन्याचे सहा हजार तीनशे होतात. त्यावर थंडाईचे बदाम, तूप, अंडी, आठवड्यातून दोन-तीनदा मटण आणि फळे हे धरले की आकडा बारा-पंधरा हजारांच्या खाली येत नाही. बी. ए.ची वर्षाची माफ झालेली फी या एका महिन्याच्या खुराकाएवढीही नसते. आपण ज्याला शिष्यवृत्ती म्हणतो, ती बहुतेक वेळा एवढीच असते.

एका वर्षी संघ घेऊन उत्तरेकडे निघालो होतो. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात एका मुलाने आपली पिशवी उशाला घेतली होती आणि रात्रभर तो ती हलू देत नव्हता. सकाळी पाहिले तर आत आईने दिलेला तुपाचा स्टीलचा डबा, झाकण सुटू नये म्हणून फडक्याने घट्ट बांधलेला. विद्यापीठाचा दैनिक भत्ता वाटताना मी व्हाउचरवर त्याची सही घेतली. ते पैसे त्याने खर्च केले नाहीत, गटासाठीचे वजन होईपर्यंत अर्धपोटी राहिला आणि परत आल्यावर भुसारी दुकानातली बदामाची उधारी त्यातून फेडली. मी त्या व्हाउचरांचा हिशेब चोख ठेवला याचा तेव्हा मला अभिमान होता. आज वाटते, भत्ता पुरत नाही असा एक अर्ज तरी मी वर पाठवायला हवा होता.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची जुळवाजुळव गावोगाव झोळी फिरवून झाली, आणि महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्या लढून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात. ही हकिकत आपण गुरू-शिष्याच्या जिव्हाळ्याची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट खुपते. विद्यार्थ्याला ऑलिंपिकला पाठवायला एका माणसाला घर गहाण टाकावे लागले, कारण ते ज्यांचे कर्तव्य होते त्यांची तिजोरी उघडली नाही. प्राचार्यांच्या जागी आज तुम्ही आहात आणि घराच्या जागी सोसायटीचे कर्ज आहे.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. महाविद्यालयाने खेळाडूला दरमहा पगार द्यावा, असे मला वाटत नाही; कारण तो पैसा शेवटी इतर गरीब विद्यार्थ्यांच्या फीमधूनच यायचा. परंतु खुराकाचा भत्ता, स्पर्धेत व सरावात झालेल्या दुखापतीचा संपूर्ण उपचार, दुखापतीच्या काळात फीमाफी आणि वसतिगृह कायम राहण्याची लेखी हमी, आणि छायाचित्र वापरायचे असेल तर त्याचा ठरलेला मोबदला, एवढे तुमच्या मुलाचे देणे आहे. यातले काही अशक्य नाही. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय महिन्याला १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळतात. म्हणजे विद्यार्थी-खेळाडूच्या हातात पैसा देणे गैर नाही, हे सरकारने मान्य केलेलेच आहे. अडचण एवढीच की त्या निवडीच्या एक पायरी खाली उभ्या असलेल्या हजारो मुलांना काहीच मिळत नाही, आणि दुखापती त्या पायरीवर कमी होत नाहीत.

प्रत्यक्षात काय करावे, तर प्रथम महाविद्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा आणि स्पर्धेचा अहवाल, पंचांची किंवा संघव्यवस्थापकांची नोंद, रुग्णालयाची बिले त्याला जोडावीत. प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना फी घेतली जाते; ती किती जमली व कशावर खर्च झाली, हे अनुदानित महाविद्यालय असल्यास माहितीच्या अधिकारात विचारता येते. विद्यार्थ्यांचा अपघात विमा उतरवलेला आहे का, याचीही त्याच अर्जात चौकशी करावी. अनेकदा विमा असतो आणि खेळाडूला ते कोणी सांगितलेले नसते. हलाखीच्या परिस्थितीतील गुणवंत खेळाडूंसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा केंद्राचा कल्याण निधी आहे. त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारणा करावी. आणि मुलाला घाईने मॅटवर उतरवू नका, मग वस्ताद काहीही म्हणोत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून उमेदीत पेठेच्या संघातून फुटबॉल खेळलो आहे. आम्ही कधी पैशांचा विचार केला नाही. शिक्षणसंस्थेत खेळ हा संस्कार असतो; त्यात पैसा आला की अभ्यास जातो, निष्ठा जाते. आपण या मागणीला खतपाणी घालू नये.
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : गुरुजी, शाहू स्टेडियमवर पेठेसाठी खेळणाऱ्याच्या मनात काय असते, हे मी पाहिलेले आहे, पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की त्या दिवशी अर्धे शहर दुसरे काही बोलत नाही. त्या निष्ठेची किंमत पैशात होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पैसा घेतला की खेळ बाटतो, हा विचार आपल्या मातीतला नाही. तो इंग्लंडमधल्या उमरावांच्या क्लबांतून आला. तिथल्या हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या १८७९ च्या नियमांनुसार कारागीर, मजूर यांना हौशी खेळाडू मानलेच जात नसे. ज्याच्या घरी उत्पन्न आहे त्यानेच खेळावे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

१९१२ हे वर्ष पाहा. त्या वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये जिम थॉर्प या अमेरिकेच्या मूलनिवासी विद्यार्थ्याने दोन सुवर्णपदके मिळवली. आणि पूर्वी सुट्टीत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला म्हणून पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली. त्याच १९१२ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे खासबाग मैदान उभे राहिले, जिथे जिंकणाऱ्या मल्लाला सर्वांसमक्ष इनाम मिळे आणि ते घेताना त्याची मान ताठ असे. महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला; त्यामुळे कुस्तीतला संस्कार बुडाला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

तुमच्या शंकेतला एक भाग मात्र मी मनापासून उचलून धरतो. अमेरिकेत पैसा खुला झाल्यापासून जास्त पैसे देणाऱ्या महाविद्यालयाकडे दरवर्षी उडी मारणारे खेळाडू वाढले आहेत, आणि तीन वर्षांत तीन महाविद्यालये बदलणाऱ्या मुलाच्या पदवीला काय अर्थ उरतो, हा प्रश्न तिथले लोकही विचारत आहेत. आपल्याकडे भत्ता द्यायचा तो हजेरी आणि परीक्षा यांच्याशी जोडूनच दिला पाहिजे. मी तर म्हणेन, पहाटे आणि संध्याकाळी मिळून सहा तास सराव करणाऱ्या मुलाला वर्गातले बुडालेले तास पुन्हा शिकवून देणे, हाही त्याच्या मोबदल्याचाच भाग आहे. आणि तिथे तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांची फार गरज आहे. क्रीडा कोट्यातून प्रवेश द्यायचा, वर्षभर मैदानावर राबवायचे आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईडची पुस्तके हातात ठेवायची, हा प्रकार मी पाहिला आहे. तिथे संस्कार कोणता होतो?

आणखी एक. स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि त्याच दिवशी राज्य सरकारने १ कोटीचे बक्षीस जाहीर केले. ते योग्यच झाले. पण त्यांना मध्य रेल्वेत नोकरी लागली होती २०१५ मध्ये, म्हणजे पदकाच्या नऊ वर्षे आधी. दरमहा येणाऱ्या त्या पगाराने त्यांची निष्ठा कमी झाली नाही. उलट पोटाची चिंता मिटली म्हणून नेम धरायला मन मोकळे राहिले असेल, असे मला वाटते.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकते आणि लांब पल्ल्याची धावपटू आहे. पैसे द्यायचे ठरले तर ते कुस्ती आणि फुटबॉलच्या मुलांनाच मिळतील, आम्हा मुलींच्या वाट्याला काय येणार?
— एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : तुझी भीती अगदी रास्त आहे. अमेरिकेत १९७२ पासून टायटल नाईन हा कायदा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना खेळातही समान संधी द्यावी लागते, आणि तिथल्या महिला खेळाडूंच्या एवढ्या मोठ्या फळीमागे तो कायदा उभा आहे. तरीही वर सांगितलेल्या तडजोडीतला बहुतांश पैसा पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडेच वळतो आहे, आणि खर्चाची तोंडमिळवणी करताना काही महाविद्यालयांनी पोहणे, टेनिस असे संघ बंदही केले आहेत. गर्दी पाहून पैसा वाटला की असेच होणार.

म्हणूनच मी पहिल्या उत्तरात प्रेक्षक आणि प्रसिद्धी यांचा हिशेब धरला नाही. खर्च आणि दुखापत यांचा धरला. धावण्याचे चांगले बूट काही महिन्यांत झिजतात, आणि ते मुलीच्या पायातलेही तितक्याच लवकर झिजतात. तुम्हा मुलींना लोह आणि प्रथिने यांच्या आहाराची गरज अधिक काटेकोर असते, पहाटे अंधारात सरावाला जायचे तर सोबत किंवा वाहन लागते, आणि हा खर्च मुलांच्या यादीत नसतो; तो तुमच्या यादीत आवर्जून लिहिला गेला पाहिजे. नेमबाजीत तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. दोघीही याच कोल्हापूरच्या. तेव्हा पदकाचा पुरावा कोणी तुझ्याकडे मागू नये.

तुझ्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतो. या वर्षी ते नाव मुलीचे असावे यासाठी तुम्ही चौघी-पाचजणींनी मिळून प्राचार्यांना भेटा, आणि भेटायला जाताना गेल्या सहा महिन्यांचा बूट, प्रवास व आहार यांचा खर्च एका कागदावर तारखांसह लिहून न्या. तो कागद मलाही पाठव. मिळालेल्या उत्तरासह पुढच्या अंकात छापू.